उजवी खुर्ची

रात्री साडेदहाला मानेवाड्यातल्या माझ्या खोलीतून
विमान निघतं.
कूलरची घरघर इंजिनात मिसळते,
वाळ्याचा वास कॉकपिटभर.

उजव्या खुर्चीत उके. म्हणजे तो कामठीत,
मेडिकलचं शटर अर्धं ओढून बसलेला.
आम्ही अजून भेटलो नाही.
'फ्लॅप?' 'पाच.'
'दिवे?' 'थांब ना बे, गिऱ्हाईक आलं.
ओआरएस पाहिजे त्याला.'
धावपट्टीवर आम्ही थांबतो.

मग सोनेगाव मागे पडतं,
अंबाझरी, बशीभर काळं पाणी.
वर्ध्यावर मी म्हणतो, 'घे.'
तो म्हणतो, 'घेतलं.'
आणि मी माठाकडे जातो.
इतक्या निवांतपणे मी
स्कूटरची किल्लीसुद्धा कुणाला दिली नाही.

काल पुण्याच्या अलीकडे, ऐन ढगात,
लाइट गेली.
स्क्रीन काळी. कूलर मुका.
एकशे ऐंशी प्रवासी, सगळे खोटे,
तळहाताचा घाम तेवढा खरा.

गच्चीवर गेलो. फरशी अजून तापलेली.
एक खरं विमान सोनेगावकडे उतरत होतं.
तोंडातून निघून गेलं, 'चाकं?'
कोणी उत्तर दिलं नाही.

बाराला मेसेज आला:
उतरवलं. जरा आपटलं.
नोंदीत दोघांची नावं टाकली.