चारा

मोरीच्या बाहेर, सिलिंडरच्या शेजारी
निळा ड्रम. त्यात चाळीसेक दांडवण.
अंगावर पेन्सिलीनं ओढावी तशी एकच काळी रेघ,
कल्ल्यापासून शेपटापर्यंत.

पाणी पहाटे साडेचारला येतं.
ते लगेच द्यायचं नाही.
बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं, क्लोरिन उडू द्यायचं.
हेमलता म्हणते,
माणसांना बरं भरल्या भरल्या चालतं.

कन्नमवार नगरात अधूनमधून
महापालिकेचा माणूस येतो टॉर्च घेऊन, अळ्या शोधत.
पहिल्यांदा ड्रमवर वाकला, पावतीपुस्तक काढलं,
मग बराच वेळ नुसता बघत राहिला.
खायला काय घालता यांना?
म्हटलं, तुम्ही शोधताय तेच.

बावतीस अंकल कुर्ल्याचे. शिकवलं सगळं त्यांनीच.
सुकट बोटांत चोळून, चिमूटभर.
जायच्या आदल्या दिवशी तेही नाही,
उपाशी मासा डब्यातलं पाणी नासवत नाही.
गळ पाठीतून घालायचा, पंखाच्या जरा मागे,
कण्याला न लावता.
मग तो तासभर पोहतो,
आणि मरळीला पोहणाराच लागतो.
"चारा जिता पायजे," म्हणायचे,
"लाडका नको."

मे महिन्यातला शनिवार. रात्री एकला वीज गेली.
मला जाग आली ती पंपाची घरघर थांबली म्हणून,
पंख्याचं नंतर लक्षात आलं.
सगळे वर आले होते.
ड्रमभर नुसती तोंडं, उघडत, मिटत.
मी तांब्या घेतला.
पाणी काढायचं, हातभर उंचावरून सोडायचं.
काढायचं, सोडायचं.
दोनच्या सुमारास मृदुला उठली,
दुसरा तांब्या घेऊन समोर बसली.
काही बोलली नाही. मीही नाही.
चारला वीज आली. अकरा गेले होते.

सहाला मी पवईच्या काठावर.
त्याच हातानं पहिल्याच्या पाठीत गळ घातला,
पंखाच्या जरा मागे,
कण्याला न लावता.

मरळ लागली नाही. दुपारपर्यंत कुणीच नाही.
दोरी ओढली तर तो अजून हलत होता.
असा मासा तळ्यात सोडायचा नसतो,
ड्रममध्ये तर नाहीच,
एकाची बुरशी सगळ्यांना लागते.
हेही बावतीस अंकलचंच.

टाकला ड्रममध्ये.

आता तो जरा तिरका पोहतो,
रेघ मधेच वाकलेली.
सुकट पडलं की पहिला तोच.
रविवारी पहाटे मी जाळी बुडवतो
तेव्हा मृदुला मोरीच्या उंबऱ्यावर उभी असते,
तोंडात ब्रश, फेस तसाच,
मी कुठला काढतो ते बघत.