लोकरीची लड

हानुस वर्षातले नव्वद दिवस घरी असतो.
उरलेले दिवस या घराचं मस्तक
बॅरेंट्सच्या समुद्रात ट्रॉलरवर
बर्फात कॉड रचत असतं,
आणि इथे क्लाक्सविकला
बँकेत धड जाऊन सही करतं.

बॉयलर फुटला तेव्हा मी.
हिवाळ्याआधी कुठली मेंढी कापायची, मी.
धाकट्याच्या कानाचं ऑपरेशनही मीच ठरवलं,
मग रात्री फोनवर, खरखरीतून म्हटलं,
तुला विचारतेय हं.
दर वेळी तिकडून एकच, तू म्हणशील तसं.

तरी रविवारी मी रुमाल बांधते.
आमच्या सभेत बायका बोलत नाहीत, मीही नाही.
कुणी कीव करू नये.
आठवड्यात तेवढा दीड तासच
मला कुणी काही विचारत नसतं.

थोरली सुन्वा जहाजाची इंजिनं शिकते,
नखांत ग्रीस घेऊन जेवायला बसते.
तिला हेरी आवडलाय.
त्याची आई मार्युन, खाडीपलीकडच्या चर्चची पाद्री,
चुणीदार कॉलर लावून तान्ह्यांच्या कपाळी पाणी लावते,
आणि लग्न लावताना 'अधीन' या शब्दापाशी
पान उलटते म्हणतात.

हानुसची अट अशी की मुलानं आधी बापाकडे यावं.
एक वर्ष भेटी घरातच,
माणसांत, दार उघडं ठेवून.
सुन्वा म्हणाली, बाबा, तुम्ही घरी असता नव्वद दिवस,
म्हणजे चार वर्षं लागतील.

तरी हेरी आला. आईला घेऊन आला.
उकडलेले बटाटे, वाऱ्यावर वाळवलेलं मटण.
हानुसनं प्रार्थना जरा लांबवलीच,
रस्सा गार होईस्तोवर.
मग विचारलं, घर कोण चालवणार?
हेरी म्हणाला, ती बोटीवर जाईल, मी मागे राहीन.
मला पाव चांगला जमतो.

चमचे थांबले.
हानुसनं बोट टेबलावर टेकवलं,
जणू तिथे ते पान उघडं होतं.
मार्युनबाई म्हणाल्या, बोट एक ओळ वर घ्या, तिथून वाचा.
तो म्हणाला, तुम्ही थोडं खाली या.
बायकोसाठी जीव द्यायचा, तेही तिथेच आहे,
ते नाही ना वगळत?
त्याचा भाऊ आइसलँडच्या पाण्यात गेलाय.
बाई गप्प झाल्या. हरल्या नव्हत्या.
सुन्वा म्हणाली, माझ्याविषयी चाललंय ना?
मी इथेच बसलेय.

मला सांगता आलं असतं
की या टेबलाभोवतीचं अर्धंअधिक आयुष्य
कुठल्याच ओळीवर चाललं नाही,
कधी उधारीवर चाललं, कधी हवामानाच्या अंदाजावर.
नाही सांगितलं. बटाटे वाढले.
रुमाल नव्हता डोक्यावर, सवय होती.

पाहुणे गेल्यावर हानुस चुलीपाशी बसला.
तुझ्या वडलांनीही मला हेच विचारलेलं, म्हणाला.
मी म्हटलं होतं, मी चालवीन.
खोटं बोललो का गं?

उत्तर शोधायला म्हणून मी उठले
आणि लोकरीची लड घेऊन आले,
करड्या मेंढीची, तेलाच्या वासाची.
तेव्हाही हेच. दोन हिवाळे.
बाकावर माझी आत्या, कान टवकारून,
त्याच्या मनगटांवर लड, माझ्या हाती गुंडा.
बोटाला बोट कधी लागलं नाही,
पण त्याच्याकडची लोकर तेवढी माझ्याकडे येत राहायची
आणि डावं मनगट कधी झुकवायचं
हे त्याला न सांगता कळायचं.

आता उजव्या हाताची दोन बोटं नाहीत,
विंचनं नेली. लड तिकडून घसरते.
वर सुन्वाच्या खोलीचं दार बंद,
आतून फोनवरचं हसू, दबलेलं, मग न दबलेलं.
हानुसनं मान वर केली. उठायला लागला.

उठू नकोस, म्हटलं, गुंता होईल.
तो बसून राहिला,
हात पुढे धरून.