चहाआधीचा अर्धा तास

जूनमध्येही ती मेंढीच्या कातड्याचा कोट काढेना.
सून म्हणाली, म्हातारी आळशी झालीय.
शेजारीण म्हणाली, नजर लागलीय, आर्चाची धुरी द्या.
मी नारीनच्या खोऱ्यातली साधी आरोग्यसेविका,
घोड्यावरून फिरते. खोगिराला बांधलेल्या निळ्या पेटीत
सुया, कापूस, रक्तदाबाचं यंत्र
आणि साखर उतरलेल्यांसाठी एक चॉकलेट,
जे दर वेळी मीच खाते.

बुरुलकानच्या मी आधी भुवया पाहिल्या.
बाहेरचा तिसरा हिस्सा झडलेला,
कुरणाची कड मेंढ्यांनी खाऊन टाकावी तसा.
आवाज जाड, ओल्या लोकरीतून आल्यासारखा.
नाडी मोजली : पन्नास,
त्याही जणू उपकार म्हणून.
"गिळ बघू," म्हटलं,
आणि तिच्या गळ्यावर ठेवलेल्या बोटांनी
ऐकत राहिले.

रक्ताची नळी टॅक्सीनं शहरात गेली,
बर्फाच्या डब्यात, ड्रायव्हरच्या मागे, दोन कलिंगडांच्या मधे.
निकालाला नऊ दिवस लागले.
नऊ दिवस सून भांडी आपटत राहिली.

मग कागद आला. आकडा एवढा मोठा
की मी तो दोनदा वाचला,
तिसऱ्यांदा सुनेसमोर, मोठ्यानं.
"आळस नाही हा. गळ्यातली एक ग्रंथी
काम टाकून बसलीय. आता ते काम गोळी करेल."
सून काही बोलली नाही.
चुलीत शेणी सारली,
सासूच्या पायांवर रजई ओढली.

निघता निघता तोक्तोसुनचं बोट टोचलं,
उगाच, तो हसत होता म्हणून.
"मला काय धाड भरलीय?
रात्री चारदा उठतो तो घोडे मोजायला."
यंत्रावर सतरा.
सात असते तर मी गप्प बसले असते.
घोडे अकराच आहेत त्याचे.
अकरा घोडे चारदा मोजावे लागत नाहीत.
सकाळी उपाशीपोटी पुन्हा टोचलं : बारा.
या वेळी तो हसला नाही.

आता घरात दोन पाकिटं.
तिची गोळी पहाटे, नुसत्या पाण्याबरोबर,
पुढे अर्धा तास काही नाही. चहासुद्धा नाही.
"चहासुद्धा?" तिनं अशा आवाजात विचारलं
की मी तिचं एखादं मूलच मागितलं होतं.
त्याची गोळी घासाबरोबर, नाहीतर पोट ढवळतं.
आणि जर्दाळूचा मुरांबा बंद.
"मग चहा प्यायचा तरी कशाला?" तो म्हणाला.

तिला सुरुवात चिमणीला पुरेल एवढी,
कारण हृदय जुनं, त्याला एकदम पळवायचं नाही.
सहा आठवड्यांनी पुन्हा नळी, पुन्हा टॅक्सी,
या खेपेला कलिंगडांऐवजी कोंबड्या.
डोस थोडा वाढला. ऑगस्टात कोट खुंटीवर गेला.
सप्टेंबरात तिनं गोळी सोडली.

"बरं वाटत होतं," म्हणाली.
"गोळीमुळेच बरं वाटत होतं, बुरुलकान-आपा.
खोगीर घट्ट बसलंय
म्हणून कोणी पट्टा सोडतं का?"
तिनं तोंड फिरवलं. पण गोळी घेतली,
माझ्यासमोर, कडू नसताना कडू तोंड करून.

ऑक्टोबरात बर्फानं वाट अडवली, तेव्हा मी त्यांच्याकडेच झोपले.
पहाटे जाग आली. सामोवार सूं सूं करत होता
आणि कोणी ओतत नव्हतं.
दोघं उंबऱ्यावर, एका रजईत.
"तू पी ना," ती म्हणत होती.
"तुझ्याआधी कसा पिऊ?"
चव्वेचाळीस वर्षं तिनं ओतलं, त्यानं प्यालं,
आणि तो बाहेर पडला.
या वेळेला तो घरात असतो
हे तिलाही नवंच असावं.

धुक्यातून घोडे एकेक उगवत होते.
"अकरा," तो म्हणाला.
"बारा. शिंगरू धरत नाहीस तू कधी."
त्यानं पुन्हा मोजले, बोट दाखवत,
टोचून टोचून काळं पडलेलं बोट.

मी घड्याळ पाहिलं.
अजून सात मिनिटं होती.
मी सांगितलं नाही.