एकोणीस मिलिमीटर

वॉर्ड तेवीसमधून आलेला पू,
नमुना क्रमांक चारशे अकरा.
रात्रीतून त्यानं बशीभर साय धरली.
औषधाच्या सहा चकत्या ठेवल्या होत्या,
सहाही जणू नव्हत्याच.
रिपोर्टावर मी 'आर' लिहिला, आर, आर,
मेरोपेनेमपुढे लिहिताना पेन अडखळलं नाही
याचं वाईट वाटलं ते डबा उघडल्यावर.

चारशे अकरा म्हणजे नत्थूजी खरवडे.
इतवारीत, सराफ्यामागच्या बोळात
पन्नास वर्षं जोडवी घडवली.
मग साखर वाढली, अंगठा काळा पडला.
"काय शिजवून राहिली पोरी, त्या खोलीत?"
चांदी, म्हटलं.
"चांदी शिजत नसते बाप्पा. वितळते."

कामठी रोडच्या कडेचा तरोटा खुडून आणते,
पाला उकळते, गाळते,
चांदीच्या बिनरंगी क्षारात थेंब थेंब सोडते.
दुपारपर्यंत पाणी पिवळं,
चारला कोऱ्या चहासारखं.
एका केसाच्या रुंदीत हे कण चार हजार मावतील.
तुमच्या तराजूला कळणार नाहीत, काका,
जंतूच्या कातडीला कळतात.

"मंग लावा ना माह्या पायाले."

नाही लावता येत.
आधी बशी, मग उंदीर, मग कागद,
कागदावर सह्या,
सह्यांमध्ये वर्षं.
"तुमची भट्टी लय सावकाश हाय," म्हणाले,
आणि भिंतीकडे तोंड केलं.

बुधवारी गुडघ्याखालून पाय काढला.
गुरुवारी मी बशी उजेडाला धरली :
सायीत, माझ्या थेंबाभोवती,
गोल, स्वच्छ, रिकामी जागा.
पट्टी लावली. एकोणीस मिलिमीटर.
एका जोडव्याएवढी.

चार दिवस हिंमत झाली नाही.
मग मोबाइलवरचा फोटो घेऊन गेले.
अर्धी चादर सपाट होती, तिकडे बघितलं नाही.
त्यांनी चष्मा मागितला,
फोटो बोटांनी मोठा केला,
बराच वेळ माल तपासल्यासारखा पाहिला.
शाबास म्हणतील असं वाटत होतं.

"गोल चांगला आला.
पण इथं पाय, आतल्या अंगानं,
एक दाणा राहून गेला.
असा दाणा राहिला का जोडवं टोचते."

धावत खोलीत आले. भिंग लावलं.
होता.
रिकाम्या जागेत, एकटा, मोहरीहून लहान,
ओला, चकचकीत, जिवंत.

तार लाल होईतो तापवली, निवू दिली,
टोकावर त्याला उचलला,
नव्या बशीत रेघ ओढली
आणि झाकणावर लिहिलं :
चारशे अकरा, अ.