जवारी

आठ वर्षं मी नुसतं लिहीत होते.
मिरज स्टेशनच्या पार्सल ऑफिसात
पावतीबुकाच्या पाठीवर चार ओळी,
घरी आल्यावर त्यांच्या चाळीस.
कुणी सांगितलं नव्हतं, कुणी छापणार नव्हतं.
संपादक नाही, मानधन नाही,
शुक्रवार एवढा एकच मालक.

पहिल्या वर्षी सतरा वाचक.
त्यातले पाच घरचे,
एक कुपवाडचे बिरनाळे मास्तर.
दर आठवड्याला माझे ऱ्हस्व-दीर्घ वेचून पाठवायचे
आणि खाली लिहायचे, 'बाकी ठीक.'
त्या 'बाकी ठीक'वर मी दोन पावसाळे काढले.

वाचक तीनशे अकरा झाले तेव्हा
एका क्लासवाल्यानं विचारलं,
वर आमचं नाव टाकता का?
नाही म्हणाले. रुबाबात.
मग आठवडाभर सिलिंडरकडे बघत
ती रक्कम बारानं गुणत राहिले.

भाचा म्हणाला, 'आत्या, आता वाचतंय कोण?
दाखवायचं असतंय.'

दाखवायचं काय?
मला तर माझा आवाजच पहिल्यांदा ऐकू आला,
पार्सलच्या खिडकीतून, जाळीच्या आतून आल्यासारखा.
साडी इस्त्रीची, आणि डोळे
काचेत आपलंच तोंड शोधणारे.
सात वेळा 'नमस्कार' म्हटलं.
आठव्यांदा शेजारच्या कुकरनं शिट्टी दिली.

मग फोन घेऊन दस्तगीरचाचांकडे गेले.
ते तंबोऱ्याची जवारी काढत होते.
घोडीवर कानशीचा एक हात, थांबायचं, तार छेडायची.
पुन्हा एक हात.
तारेखाली दोरा सरकवायचा,
केसभर पुढं, अर्धा केस मागं,
आणि एकदम भोपळ्याच्या पोटातून
मोहोळ उठावं तसं
काहीतरी.
हे 'काहीतरी' मी तीनदा लिहून बघितलं होतं.
तिन्ही वेळा मास्तरांच्या पत्राखाली
'बाकी ठीक' नव्हतं.

विटेला टेकवून सगळं टिपलं.
रात्री कानात बोळे घालून बघते तर
चाचांचे हात आहेत, कानस आहे, खोकला आहे,
तंबोरा मुका.
बोट तारांवरून फिरतंय, चारही तारांवरून,
जसं कुणी भिंतीवरून फिरवावं.

भाचा हसला. 'एकसारखा चालणारा आवाज
त्याला गोंगाट वाटतोय आत्या.
पंखा समजून पुसलंय त्यानं.'

पंखा समजून.

आत कुठंतरी खोल एक बटण होतं, ते बंद केलं.
दुसऱ्या दिवशी परत गल्लीत.
पण कालचा तंबोरा गेला होता हुबळीला,
सकाळी पावती मीच फाडली होती,
नाव न वाचता.
आजचा नवा, अडाणी, बोलेना.
चाचा घासत राहिले. मध्ये गिरणी सुरू झाली,
एक बुलेट गेली, कुणीतरी चहा ठेवून गेलं
आणि तो निवला.
जवारी पुरती उघडलीच नाही.
एका तारेनं तेवढं तोंड उघडून मिटलं.

तेच दिलं. चार मिनिटं. नमस्कार नाही, माझं तोंड नाही.

चौसष्ट जणांनी बघितलं.
त्यातले पन्नास अकराव्या सेकंदाला उठून गेले,
हेही ते यंत्र न विचारता सांगतं.
लिहिताना कोण कुठल्या ओळीवर उठलं
मला कधी कळलं नव्हतं.
बरं होतं ते.

रविवारी मास्तरांचा निरोप आला.
'चलचित्र पाहिले. हात उत्तम.
मला दोन वर्षांपासून ऐकू येत नाही,
हे तुम्हांस कळवायचे राहिले.
दोरा थांबला तेव्हा नेमके काय झाले
ते लिहून पाठवावे.'

ड्युटीवर आहे.
कोल्हापूरची गाडी चाळीस मिनिटं उशिरा.
पावतीबुक उलटं केलंय.
मोहोळ नको, ते तीनदा झालं.
चहा निवला होता, तिथून सुरू करते.