अंगठा

मखमलाबादच्या मळ्यात द्राक्षांच्या रिकाम्या पेट्या
आणि कोंबड्यांची जुनी जाळी, त्यातून उभे केलेले सतरा पिंजरे.
सहाव्यात शेवंती.
एक कान दुमडलेला, पुढच्या पायावर राखाडी ठिपका,
तिसऱ्या वेताचा आज अकरावा दिवस.

देवरे आला होता कंपनीचा कागद घेऊन.
गुळगुळीत कागद, त्यावर ससा हसतो.
"ताई, सशिणीला ऋतू नसतो.
नर दाखवला की गाभ, एकतीस दिवसांत मोकळी.
व्यायली त्याच दिवशी परत दाखवा.
वर्षाला अकरा वेतं, वेताला सात पिल्लं,
करा गुणाकार."
केला. सत्त्याहत्तर.
माझं गणित त्याला पक्कं वाटलं असणार,
चहा पूर्ण प्यायला.

व्यायच्या आदल्या रात्री ती
स्वतःच्या छातीचे केस तोंडाने उपटते
आणि पेटीत गादी घालते.
पहिल्या वेताला त्या गादीत माझं मनगट बुडालं होतं.
तिसऱ्याला पेटीच्या तळावर छापलेलं
'एक्स्पोर्ट क्वालिटी'
केसांतून सरळ वाचता येत होतं.
उपटायला अंगावर उरलंच नव्हतं काही.

त्या रात्री पारा पाचाखाली गेला.
शेजारच्या बागेत शेकोट्या पेटवल्या होत्या,
मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून.
मण्यांसाठी.
आठातली तीन पिल्लं सकाळी गार,
बोटाच्या पेराएवढी, गुलाबी, डोळे न उघडलेली.
मी ती पेरूखाली पुरली आणि देवरेला फोन केला.
तो म्हणाला, "होतं असं. नर दाखवला का?"

दाखवला होता.
नराच्या पिंजऱ्यात नेली तर कोपऱ्यात बसून राहिली,
शेपटी दाबून, जाळीकडे तोंड करून.
मी तिला उचललं
आणि एका क्षणासाठी, खोटं कशाला सांगू,
परत ठेवणार होते.
जाळीचे पैसे अजून द्यायचे आहेत.

गायधनी डॉक्टर फार बोलत नाहीत.
त्यांनी माझा अंगठा धरून तिच्या पाठीवर ठेवला.
"मणके मोजता येतात?"
येत होते, तुरीच्या शेंगेतल्या दाण्यांसारखे.
"मग नर नाही. अंगठ्याखाली मांस लागू दे आधी."
"पण वर्षाला किती वेळा?"
"मला काय विचारता. तिला विचारा."
फी घेतली नाही. कोथिंबिरीची जुडी नेली.

रात्री चित्राच्या जुन्या वहीत रेघा मारल्या.
एकतीस दिवस पोटात.
बेचाळीस दूध, पिल्लं तोडेपर्यंत.
पंधरा दिवस नुसतं खाणं, लसूणघास, मक्याचा भरडा,
कुणीही अंगाला न लागता.
अठ्ठ्याऐंशी.
वर्षात चारदा बसतं.
त्यातून चैत्र-वैशाख वजा,
तेव्हा ओली पोती टाकूनही ती नुसती धापा टाकतात.
राहिले तीन. तीन साते एकवीस.

मग कुठून तरी ते कार्ड आठवलं.
चित्रानंतर अकराव्या महिन्यात मला परत दिवस गेले
तेव्हा नर्सबाईंनी लाल शाईने त्यावर
एकच शब्द लिहिला होता:
अंतर?
पुढे रेघ मारून उत्तराला जागा ठेवली होती.
घरात सगळ्यांनी ते कार्ड पाहिलं.
रेघ तशीच राहिली.

देवरेला आज एकवीस सांगितले.
"मग ताई, कशाला पाळता?" म्हणाला.
अर्धा चहा कपात सोडून गेला.
तो मी पेरूच्या बुंध्याशी ओतला.
जाळीवाल्याला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

दिवे लावायच्या वेळेला पिंजरा उघडला.
छातीवर बारीक लव आली आहे.
अंगठा ठेवला.
अजून मोजता येतात,
पण कालच्यापेक्षा थोडे बुजलेले वाटले.
की मला तसे हवेत म्हणून?

उद्या चित्राचा अंगठा ठेवून बघते.
वहीत काय लिहिलंय ते तिला माहीत नाही.