पलंगाखाली

गल्लीच्या तोंडाशी आमची गाडी थांबते
तोवर गच्च्या गप्प झालेल्या असतात.
कालपर्यंत इथे असा कलकलाट होता
की अजान संपल्याचं कळायचं नाही.
आज दोरीवर वाळणारे गलबिये,
नाईलकडून येणारा चिखलाचा वास,
आणि कुठल्याशा न्हाणीघरातून
चोच मुठीत दाबून धरल्यासारखा
एक अर्धा आवाज.

"पक्षी?" मी विचारते.
"पक्षी कुठले आता," वजीदा म्हणते.
तिच्या बाहीला चिकटलेलं पीस
आम्ही दोघी बघतो,
दोघीही बघितलं नाहीसं करतो.
मी फॉर्मवर शून्य लिहिते.
अशी पुष्कळ शून्यं झालीत माझ्याकडे.
वरच्या कचेरीत त्यांची बेरीज करतात
आणि रात्री टीव्हीवर टाय घातलेला माणूस सांगतो,
परिस्थिती आटोक्यात आहे.

लोक त्याला हसतात.
मला हसत नाहीत, मी आले की बोलायचे थांबतात.
चहावाल्याकडे शहाता न्हावी म्हणतो,
रोगबिग काही नाही, गोठवलेल्या कोंबड्या
बंदरात पडून आहेत, त्या खपवायच्यात.
शेजारचा मास्तर म्हणतो, रोग आहेच,
सांगतात त्याच्या दसपट आहे,
कालव्यात पोती कुणी टाकली, विचारा हिला.
एकाच हुक्क्याची नळी इकडून तिकडे जाते.
दोघांचं एका गोष्टीवर एकमत:
मी खोटं बोलते.

पोती मी टाकली नाहीत.
खड्डा खणायचं यंत्र आलं नव्हतं,
चुना अर्धाच आला होता, अंधार पडत होता,
आणि मला घरी जायचं होतं.
पुढचं मी पाहिलं नाही.
हे मी त्यांनाही असंच सांगितलं,
अगदी याच शब्दांत.

गेल्या खेपेला भरपाईची चिठ्ठी दिली होती,
निळ्या शिक्क्याची.
इन्साफ नावाच्या बाईनं ती काचेत मढवून
नवऱ्याच्या फोटोशेजारी टांगली आहे.
मी गेले की ती पदरानं काच पुसते.
आधी फोटोची, मग चिठ्ठीची.

मग कफ्र अल-तूतच्या रिदाला ताप आला.
वय सहा. बदकाच्या पिल्लाला
शर्टात घालून हिंडायचा म्हणे, मागाहून कळलं.
डॉक्टरनं विचारलं, घरी पक्षी आहेत?
आई म्हणाली, नाहीत.
त्यानं कागद मागवले. कागदावरही नव्हते.
अक्षर माझंच होतं.
तीन दिवस त्याला साध्या खोकल्याचं औषध दिलं.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.
आमच्याकडे कोंबडी झाकली, मारली, बुडवली,
आणि खरंच उजाडतंय रोज,
कुणी न आरवता,
मेल्यासारखं.

काल घरी आले तर आई जमिनीवर बसली होती,
मांडीत बदक, गालात भिजवलेला मका.
सणासाठी एकच ठेवलंय, पलंगाखाली,
माझ्याच जुन्या शाळेच्या पेटीत.
चोच ओठांशी धरून ती भरवत होती,
तिच्या आईनं तिला शिकवलं तसं,
तिनं मला शिकवलं तसं.
मी म्हणाले, आई, नको.
तिनं दाणे गिळले की थुंकले, दिसलं नाही.
म्हणाली, "हे कोण सांगतंय? तू, की ते?"

पांढरा सूट मी बाहेरच काढला होता.
हातांना अजून क्लोरीनचा वास होता.
"मीच," मी म्हणाले,
आणि माझाच आवाज मला
टीव्हीवरच्यासारखा ऐकू आला.

ती बघत राहिली,
दारात मी उभी राहते तेव्हा बायका बघतात तशी.
मग पेटीचं झाकण हळूच लावलं.
फट ठेवली, बोटभर, श्वासापुरती.

फॉर्म पिशवीत आहे.
आमच्या घराचा रकाना
अजून कोरा आहे.